मोटारीचें अंग हातानें कसें घडतें?

चेंडूवर कागद गुंडाळून पाहण्याचा प्रसंग ज्यास आला असेल, त्यास एक अडचण ठाऊक असेलच. कागद कितीहि पातळ असो, कांठाला चुण्या पडल्यावांचून तो चेंडूस बिलगत नाहीं. तोच कागद डब्याभोंवतीं गुंडाळला तर एकहि चुणी पडत नाहीं. डबा एकाच दिशेनें वांकलेला असतो, चेंडू दोन्ही दिशांनीं. एवढ्याशा भेदावर मोटारीचें अंग घडविण्याची सारी विद्या उभी आहे. इंग्लंडांत घरच्या घरीं शर्यतीची लहान मोटार बांधणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. अॅल्युमिनियमच्या सपाट पत्र्यास ते डौलदार गोलाई कशी देतात, हें आम्ही येथें सांगणार आहों.

या छंदाची तेथील परंपरा जुनी आहे. सन १९३९ मध्यें स्थापन झालेल्या ‘७५० मोटर क्लब’ या मंडळानें, स्वस्त ऑस्टिन सेव्हन गाडीवर आपल्या हातानें प्रयोग करणाऱ्यांस एकत्र आणिलें. लंडन येथें स्थापत्य-अभियांत्रिकी शिकलेले कॉलिन चॅपमन यांनीं अशाच एका जुन्या ऑस्टिन सेव्हनपासून १९४८ सालीं आपली पहिली मोटार बनविली. पुढें त्यांनीं काढलेली लोटस कंपनी जगप्रसिद्ध झाली. तिची १९५७ मध्यें निघालेली ‘सेव्हन’ गाडी सुट्या भागांच्या रूपानेंहि विकली जाई. कारण तयार गाडीवर बसणारा खरेदी-कर त्या काळीं सुट्या भागांवर बसत नसे. त्या गाडीच्या बाजूचे पत्रे बहुतेक सपाट होते. नाक मात्र दोन्ही दिशांनीं गोल होतें. खरें कौशल्य लागतें तें अशा नाकापाशींच.

अॅल्युमिनियमच कां, असें कोणी विचारील. या धातूचें वजन पोलादाच्या सुमारें एक-तृतीयांश असतें. तो पोलादाहून अधिक लवतो, म्हणून पत्रा थोडा जाड घ्यावा लागतो, तरीहि १.२ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर अॅल्युमिनियमचा पत्रा सुमारें सव्वातीन किलोग्रॅम भरतो, तर ०.९ मिलिमीटरचा पोलादी पत्रा सुमारें सात. लहान इंजिनाच्या गाडीस हा फरक फार मोलाचा आहे.

प्रथम इच्छित आकाराचा लांकडी सांगाडा तयार करितात. त्यावर कागद पसरून पाहिला कीं कागदच पुढील काम सांगतो. जेथें त्यास चुण्या पडतात, तेथें धातु आंखडावयाचा. जेथें तो फाडल्यावांचून बसत नाहीं, तेथें धातु ताणावयाचा. या खुणा पत्र्यावर उतरून मगच कातर हातीं घ्यावयाची.

ठोके बसतां बसतां धातूच्या आंतील कणांची रचना गुंतत जाते आणि पत्रा ताठर होतो. मग तो तापवून पुन्हां मऊ करावा लागतो. येथें एक धोका आहे. लोखंड तापलें कीं लाल होऊन सूचना देतें. अॅल्युमिनियम सुमारें ६६० अंश सेल्सिअसला वितळतें, पण तोंवर दिवसाउजेडीं त्याचा रंग पालटलेला दिसत नाहीं. कारागीर यावर साधी युक्ति योजितात. पत्र्यावर साबणाची वडी घासून मागील बाजूनें ज्योत फिरवितात, आणि साबणाच्या रेघा काळपट झाल्या कीं ज्योत काढून घेतात. थंड दिसणारा हा पत्रा हात भाजून काढतो. म्हणून मुलांनीं हें काम वडील माणसांच्या देखत करावें.

आतां घडणीकडे वळूं. वाळूनें भरलेल्या चामडी पिशवीवर पत्रा ठेवून लांकडी मोगरीनें मधोमध ठोकीत गेलें, तर तेथील धातु पातळ होऊन फुगतो. परंतु केवळ ताणूनच खोल आकार काढूं गेल्यास पत्रा फाटतो. म्हणून कांठाकडून धातु आंखडतात. आपल्या घरीं आई मोदक करितांना पारीच्या कडेस कळ्या पाडते व त्या एकत्र मिटते, तसेंच हें आहे. पत्र्याच्या कडेस कळ्या पाडून, त्या उलगडून सपाट होऊं न देतां जागच्या जागीं ठोकून जिरविल्या, कीं कांठाची लांबी कमी होते, जाडी वाढते, आणि मध्य आपोआप उंचावतो. कळी एकावर एक दुमडली गेली, तर मात्र तेथें चीर पडते.

यानंतर ‘इंग्लिश व्हील’ नांवाचें यंत्र कामास येतें. एका मोठ्या लोखंडी कमानींत वर सपाट आणि खालीं किंचित् फुगीर असें चाक असतें. त्यांमधून पत्रा पुढें-मागें सरकवितात. प्रत्येक फेरींत तो किंचित् पातळ होऊन पसरतो व ठोक्यांचे खळगे निघून जातात. शेवटीं कानस हलकेच फिरविली कीं उंचवटे चमकतात आणि खळगे काळे राहतात. पुण्याच्या तांबट आळींतील कारागीर तांब्याचें भांडें मठारितात, तीहि याच विद्येची बहीण होय. तेथें ठोक्यांची नक्षी शोभेसाठीं राखतात; येथें ती पार मिटवावी लागते, इतकाच भेद.

मोठें अंग अनेक तुकडे सांधून होतें. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचें अदृश्य कवच असतें, आणि तें वितळण्यास दोन हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणून वायूच्या ज्योतीनें सांधतांना तें विरघळविणारें द्रव्य लावितात. काम संपतांच तें गरम पाण्यानें धुवावें लागतें, नाहींतर सांधा कुजतो. उघड्या कांठांत तार घालून करंजीच्या मुरडीप्रमाणें पत्रा वळवितात. त्यामुळें कांठ मजबूत होतो व हातास कापत नाहीं. पोलादी सांगाड्यास पत्रा उघडा टेकला, तर ओलाव्यांत विद्युत्क्रिया होऊन अॅल्युमिनियम खाल्लें जातें. यास्तव मध्यें रंग अगर नमद्याची पट्टी ठेवितात.

या कामांत घाई खपत नाहीं. अति ताणलेला धातु पूर्ववत् करणें फार कठीण. आणि वरून रंग फांसून झांकलेला पातळ पत्रा पुढें रस्त्याच्या हादऱ्यांनीं चिरतो. हातकामास बुद्धि लागत नाहीं, तें अभ्यासांत मागें पडलेल्यांसाठीं असतें, असें अनेक पालकांस वाटतें. वरील वर्णनांत भूमिति, पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र किती आलें, हें त्यांनींच मोजून पाहावें. सुताराच्या घरीं वाढलेल्या प्रभूचें नांव ज्या शाळेंत रोज घेतलें जातें, तेथील मुलांनीं तरी कारागिराचा हात हलका लेखूं नये. ज्या मुलास पत्र्याची ओढ आहे, त्याच्या हातीं एक मोगरी आणि जुन्या पत्र्याचा तुकडा द्यावा. पहिली वाटी वांकडी होईल. दहावी वाटी पाण्यानें भरून ठेवितां येईल.