लायब्ररी तुम्ही लिहिलीत, परवाना कुठला देणार?

'कि' लिहिताना आपण आधी 'क' टाइप करतो आणि मग वेलांटी; पडद्यावर मात्र वेलांटी 'क'च्या डावीकडे उमटते. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस या सगळ्यांत अक्षरांची ही जुळवाजुळव हार्फबझ नावाची एकच लायब्ररी करते. स्पर्धकांनाही ती बिनधास्त वापरता येते, कारण तिचा परवाना अतिशय सैल आहे.

आता समजा, तुम्ही सुट्टीच्या दिवशी बसून आलेख किंवा त्रिमित आकृत्या काढणारी लायब्ररी लिहिलीत आणि गिटहबवर टाकलीत. परवान्याची फाइल जोडली नाहीत तर काय होईल? पुष्कळांना वाटते, कोड सर्वांसाठी खुला झाला. प्रत्यक्षात उलटे होते. कॉपीराइट कायद्यानुसार सारे हक्क तुमच्याकडेच राहतात. लोक कोड वाचू शकतात, पण स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरण्याची परवानगी त्यांना मिळत नाही.

परवाना निवडण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा. उद्या एखाद्या कंपनीने ही लायब्ररी घेतली, तिच्यावर पैसे कमावले आणि एक ओळही परत दिली नाही, तर मला चालेल का?

"चालेल." मग एमआयटी किंवा बीएसडी परवाना. अट एवढीच, की तुमचे नाव असलेली कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर काढून टाकायचा नाही. लिनक्सवरील ग्राफिक्सचा पाया असलेली मेसा ही लायब्ररी मुख्यतः एमआयटी परवान्याखाली आहे. अपाचे २.० हा परवानाही असाच सैल आहे, पण त्यात योगदान देणारे लोक त्या योगदानाशी संबंधित आपल्या पेटंटचा वापरही स्पष्ट शब्दांत खुला करतात. ग्राफिक्समध्ये पेटंटचा प्रश्न खराच येतो. एस३टीसी या टेक्स्चर-संकोचन पद्धतीवर पेटंट असल्यामुळे ती २०१७ पर्यंत मेसाच्या मुख्य कोडबाहेर ठेवावी लागली होती. मात्र तिऱ्हाइताच्या पेटंटपासून कुठलाच परवाना वाचवू शकत नाही.

"वापरा, पण लायब्ररीतल्या सुधारणा खुल्या ठेवा." यासाठी एलजीपीएल आहे. वापरणाऱ्याचा स्वतःचा प्रोग्राम बंद राहू शकतो. मात्र ग्राहकाला लायब्ररीची बदललेली आवृत्ती त्यात बसवता आली पाहिजे. लायब्ररीची फाइल वेगळी असेल तर हे सोपे. पण फोन किंवा गेम कन्सोलवर लायब्ररी प्रोग्राममध्येच कायमची जोडलेली असते, तेव्हा ही अट पाळणे अवघड जाते. ओग्र हे त्रिमित इंजिन आधी एलजीपीएलखाली होते. आवृत्ती १.७ पासून ते एमआयटीकडे वळले, त्यामागे ही अडचणही होती.

"माझा कोड घेणाऱ्याने आपलाही खुला करावा." मग जीपीएल. तुमची लायब्ररी जोडलेला प्रोग्राम दुसऱ्यांना दिला, तर त्या संपूर्ण प्रोग्रामचा कोड जीपीएलखाली द्यावा लागतो. ज्यांना हे नको असेल त्यांना वेगळा, विकतचा परवाना देता येतो. क्यूट या लायब्ररीने २००० साली लिनक्ससाठी हाच दुहेरी मार्ग धरला. त्याआधी तिचा परवाना पुरेसा मुक्त नव्हता. तिच्यावर उभारलेल्या केडीईला पर्याय म्हणून १९९७ मध्ये ग्नोम हा वेगळा प्रकल्प सुरू झाला होता. पुढे २००९ मध्ये क्यूट ४.५ एलजीपीएलखालीही मिळू लागली.

हा निर्णय सुरुवातीलाच घ्यावा, कारण नंतर बदलणे कठीण असते. दुसऱ्याने पाठवलेल्या कोडवर सहसा त्याचाच कॉपीराइट असतो. पाच वर्षांनी परवाना बदलायचा म्हटले, तर सर्वसाधारणपणे अशा प्रत्येकाची संमती घ्यावी लागते, नाहीतर त्याचा भाग पुन्हा लिहावा लागतो. आणि एकदा दिलेल्या आवृत्तीचा परवाना मागे घेता येत नाही असेच धरून चालावे.

आपल्यासारख्या परदेशात नोकरी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधी तपासावी: हा कोड खरोखर आपलाच आहे का? ब्रिटनमध्ये नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. कॅलिफोर्नियात कामगार कायद्याचे कलम २८७० कर्मचाऱ्याने स्वतःच्या वेळात, स्वतःच्या साधनांवर केलेल्या शोधांना संरक्षण देते. पण तो शोध कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित असेल तर ते लागू होत नाही. म्हणजे ग्राफिक्स कंपनीत काम करणाऱ्याने रविवारी घरच्या लॅपटॉपवर लिहिलेली ग्राफिक्स लायब्ररीसुद्धा वादात सापडू शकते.

म्हणून आधी नोकरीचा करार काढून वाचा आणि गरज वाटली तर कंपनीकडून लेखी परवानगी घ्या. जे आपले नाही त्यावर आपण परवाना देऊ शकत नाही. कोड आपलाच आहे याची खात्री झाली, की मग वरच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्या आणि पहिला बाहेरचा बदल स्वीकारण्याआधी परवान्याची फाइल जोडा.