गाभोळीपासून गुणसूत्रापर्यंत : शाळेतील प्रजननाचा आणि आनुवंशिकतेचा पाठ

सजीव आपल्यासारखा दुसरा जीव कसा निर्माण करतात आणि आईवडिलांची लक्षणे अपत्यात कशी उतरतात, हे प्रश्न मुलाला शाळेची पायरी चढण्याआधीच पडलेले असतात. महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमात मात्र त्यांची सविस्तर उत्तरे फार उशिरा येतात. बालभारतीच्या २०१७ साली आलेल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकतेचे प्रकरण आहे आणि २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात मानवी प्रजननाचे. सक्तीच्या व मोफत शिक्षणाची हमी देणारा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांपुरता, म्हणजे आठवीपर्यंतच पोहोचतो. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की असे दिसते की जे मूल आठवीनंतर शाळा सोडते, त्याला आपल्या शरीराविषयीचा हा पाठ कधीच मिळत नाही, आणि नेमक्या त्याच मुलाला, त्यातही मुलीला, त्याची गरज सर्वांत आधी लागते.

रायगड जिल्ह्याच्या डोंगराकडील भागात, खालापूर आणि कर्जत तालुक्यांत, हा प्रश्न अधिक टोकदार होतो. जुन्या मुंबई–पुणे महामार्गावरील लोधिवली हे गाव पाताळगंगेच्या कारखानदारीला लागून असले तरी त्याच्या परिसरात भातशेती आहे, आणि डोंगरांच्या पायथ्याशी ठाकर व कातकरी समाजांच्या वाड्या आहेत. कातकरी ही केंद्र सरकारने आदिम जमात म्हणून नोंदलेली जमात असून तिच्यातील अनेक कुटुंबे भातकापणी आटोपली की वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलेही त्यांच्याबरोबर जातात, शाळेत खंड पडतो, पुढे शाळा सुटते, आणि कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १८ ठरवले असले तरी काही मुलींची लग्ने त्याआधीच होतात. अशा मुलीसाठी दहावीच्या पुस्तकातील प्रकरण असून नसल्यासारखेच आहे. म्हणून हा विषय चौथी ते आठवी या वर्षांत यायला हवा. तो तेथे कसा यावा, याचे साधन याच तालुक्यांच्या शेतात आणि अंगणात आहे.

पहिल्या पावसाचे पाणी ओढ्यांतून वाहू लागले की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने, अनेकदा भातखाचरांपर्यंत, अंडी घालायला चढतात. रायगड–ठाण्याकडे याला वलगण म्हणतात, आणि त्या दिवसांत पकडलेला मासा चिरला की पोटात गाभोळी, म्हणजे अंड्यांचा पुंजका, सापडतो. ही गाभोळी मुलांनी पाहिलेली आणि खाल्लेलीही असते. ती म्हणजे पुढच्या पिढीची अंडी आहेत, त्यांवर नराचे शुक्राणू पडल्याशिवाय त्यांतून पिल्लू होत नाही, आणि पाण्यात उघड्यावर पडलेल्या अंड्यांपैकी फार थोडी जगतात म्हणूनच ती इतक्या मोठ्या संख्येने घातली जातात, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. अंडी घालायला निघालेले मासे मोठ्या प्रमाणावर मारले तर पुढील वर्षी ओढ्यात काय उरेल, हा प्रश्न मुले मग आपणहून विचारतात, आणि तो विचारू द्यावा. त्याच ऋतूत खेकड्याची मादी पोटाच्या रुंद पडद्याखाली अंडी आणि नंतर पिल्ले वागवते; गोड्या पाण्यातील खेकड्याची पिल्ले अंड्यातूनच लहान खेकडे होऊन बाहेर पडतात. मासा आणि खेकडा शेजारी ठेवले की मोजकी अंडी घालून ती जपायची की भरपूर घालून सोडून द्यायची, निसर्गातील या दोन रीती चौथी–पाचवीच्या मुलालाही समजतात.

फलन, म्हणजे नराच्या आणि मादीच्या प्रजननपेशींचे मीलन, हा या पाठाचा गाभा आहे आणि तो कोंबडीच्या अंड्यावर सर्वांत सोप्या रीतीने शिकवता येतो. दुकानात मिळणारे अंडे बहुधा कोंबड्याशिवाय पाळलेल्या कोंबडीचे असते, त्यामुळे ते कितीही दिवस उबवले तरी त्यातून पिल्लू निघत नाही. वाडीतील खुडूक कोंबडीखाली ठेवलेल्या फलित अंड्यातून मात्र सुमारे २१ दिवसांनी पिल्लू बाहेर येते. आठवडाभर उबवलेले असे अंडे अंधारात विजेरीसमोर धरले की आतील लाल रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. एकट्या मादीची पेशी पुरत नाही, दोघांचाही वाटा लागतो, ही गोष्ट येथे एकदा पक्की झाली की आनुवंशिकतेची पुढची सर्व चर्चा तिच्यावर उभी राहते. वनस्पतींच्या बाबतीत हेच काम बिरड्यासाठी मोड आणलेला वाल करतो : सोललेल्या वालाच्या दोन डाळिंब्या अलग केल्या की त्यांच्या मध्ये इवले मूळ आणि पानांची जोडी दिसते, म्हणजे बी ही निर्जीव वस्तू नसून शिदोरीसह झोपलेले रोप आहे. याच्या उलट करांद्याच्या वेलीवर पानांच्या बगलेत धरणारे कंद जमिनीत पडले की फुलाविना, फलनाविना नवा वेल येतो. त्याला अलैंगिक प्रजनन म्हणतात, आणि अशा वेलीत एकाच पालकाची लक्षणे जशीच्या तशी उतरतात.

परंतु या तालुक्यांतील खरा धडा भाताचा आहे. कर्जत येथे १९१९ पासून भात संशोधन केंद्र आहे आणि ते आज दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक केंद्र म्हणून काम करते. कर्जत–३, कर्जत–७, कर्जत–१८४ या वाणांची नावे शेतकरी कुटुंबांत परिचित आहेत. भाताच्या एकाच फुलात सहा पुंकेसर आणि पिसासारखी दोन टोके असलेली कुक्षी असते. फूल सकाळी उशिरा थोडा वेळ उमलते आणि बहुधा स्वतःच्याच परागकणांनी फळते. त्यामुळे शुद्ध वाणाचे बी राखून पेरले तर पुढील वर्षी तेच पीक येते. दोन वेगळ्या वाणांचा संकर मोठ्या प्रमाणावर करायचा असेल तर एका वाणाचे पराग निकामी असावे लागतात, कारण लक्षावधी इवल्या फुलांतील पुंकेसर हाताने काढणे अशक्य असते. यासाठी निसर्गतः पराग निरुपयोगी असलेली, म्हणजे नरवंध्य, ओळ वापरली जाते. कर्जत केंद्राने विकसित केलेला आणि १९९८ साली प्रसारित झालेला ‘सह्याद्री’ हा संकरित भात असाच आयआर ५८०२५ ए या नरवंध्य ओळीचा बीआर ८२७–३५ या दुसऱ्या ओळीशी संकर करून तयार झाला. संकरित भाताच्या बीजोत्पादनात फुले उमलण्याच्या वेळी पराग देणाऱ्या नर ओळीवर दोर ओढून किंवा काठीने हलवून पराग उडवले जातात, आणि हे काम शाळेच्या वेळेतच चालत असल्याने मुलांना ते दाखवणे कठीण नाही.

संकरित भाताचे बी दरवर्षी नवे घ्यावे लागते, राखलेले पेरले तर शेत एकसारखे येत नाही, हा शेतकऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. आणि आनुवंशिकतेचा मूलभूत नियम त्यातच दडलेला आहे. प्रत्येक लक्षणामागे पेशीत सूचना असतात, त्यांना जनुके म्हणतात. जनुके गुणसूत्र नावाच्या धाग्यांवर असतात आणि त्यांच्या जोड्यांतील एक आईकडून, एक वडिलांकडून येते. संकराच्या पहिल्या पिढीत सर्व रोपांना सारखीच जोडी मिळते म्हणून शेत समान दिसते. त्या रोपांच्या बियांत जोड्या फुटून नव्याने जुळतात म्हणून कोणते रोप उंच, कोणते बुटके, कोणते लवकर निसवणारे असे वेगळेपण येते. ग्रेगोर मेंडेलने १८५६ ते १८६३ या काळात ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्यावर हेच पाहिले. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल आले, परंतु दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळपास तिनास एक, असे प्रमाण मिळाले. सुरकुतीची सूचना नष्ट झाली नव्हती, गोलपणाच्या प्रभावी सूचनेमागे ती झाकली गेली होती. १८६६ साली छापलेल्या या निबंधाकडे १९०० पर्यंत फारसे कोणी लक्ष दिले नाही.

मुलांच्या मनात याविषयी काही समजुती आधीच घर करून असतात. मुलगी आईवर जाते आणि मुलगा वडिलांवर, उन्हात राबून काळवंडलेल्या बापाचे मूल त्यामुळेच काळे होते, या त्यांतील नेहमीच्या. त्या खोडून काढायला व्याख्यान पुरत नाही. शेपटी कापलेल्या कुत्र्याची पिल्ले शेपटीसह जन्मतात, हे मुलांनी स्वतः पाहून सांगितलेले अधिक टिकते. मात्र शिक्षकानेही एका ठिकाणी जपायला हवे. जीभ गुंडाळता येणे हे एका जनुकाचे साधे लक्षण म्हणून वर्षानुवर्षे शाळांत शिकवले गेले. परंतु ही कल्पना १९४० साली मांडणाऱ्या आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनीच एकसारख्या जुळ्या भावंडांतही त्यात फरक आढळल्यावर ती पुढे मागे घेतली. कानाच्या पाळीचेही तसेच आहे, तीही एका जनुकाने ठरत नाही. आपली जीभ आईवडिलांसारखी वळत नाही म्हणून वर्गात एखाद्या मुलाने आपल्या जन्मावर शंका घ्यावी, यासारखी क्रूर गोष्ट नाही, आणि तिला शास्त्राचा आधारही नाही. दत्तक मुले, आईवडिलांपैकी एकच असलेली मुले किंवा आजीकडे वाढणारी मुले प्रत्येक वर्गात असतात; म्हणून वंशावळीचे प्रयोग बकऱ्यांच्या आणि भाताच्या पिढ्यांवर करावेत, मुलांच्या घरांवर करू नयेत.

आनुवंशिकतेचा आणखी एक गैरवापर या मुलांपर्यंत थेट पोहोचतो. वाडीतले मूल शाळेत मागे पडले की शिक्षण त्यांच्या रक्तातच नाही, असे सहज बोलले जाते. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले ते याच विचाराने, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या तरी हा विचार संपला नाही. जनुके डोळ्यांचा रंग, रक्तगट आणि काही आजार ठरवतात. पाच महिने वीटभट्टीवर राहिलेल्या मुलाचे गणित का कच्चे राहिले, याचे उत्तर त्यांच्यात शोधणे हे अज्ञान आहे आणि अन्यायही. आनुवंशिकता शिकवताना ती काय ठरवत नाही, हेही तितक्याच ठामपणे शिकवावे.

माणसाच्या प्रजननाशी पोहोचल्यावर मात्र महाराष्ट्रातील वर्ग गप्प होतो. ज्या राज्यात र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले, त्याच राज्यात २००७ साली शाळांतील किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी आली. अशा शिक्षणाने मुले बिघडतात ही भीती तेव्हा बोलून दाखवली गेली. युनेस्कोने २०१८ साली सुधारून प्रसिद्ध केलेली मार्गदर्शिका जगभरातील अभ्यासांच्या आधारे सांगते की त्याने मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत. मासे, कोंबडी आणि भात यांवरून आलेल्या सहावी–सातवीच्या मुलाला पुढचा टप्पा धक्का देत नाही : मुलीच्या शरीरात बहुधा महिन्यातून एक अंडपेशी पक्व होते, गर्भाशयाचे आतले अस्तर तिच्यासाठी जाड होते, फलन न झाल्यास ते रक्तासह बाहेर पडते, आणि यालाच पाळी म्हणतात. यात विटाळ नाही, हे मुलींबरोबर मुलांनीही त्याच वर्गात ऐकायला हवे.

याच वेळी नाण्यांचा उपयोग करून दोन मोठ्या गोष्टी सांगता येतात. आईच्या प्रत्येक अंडपेशीत एक्स गुणसूत्र असते, वडिलांच्या शुक्राणूत एक्स किंवा वाय. म्हणून मुलगा की मुलगी हे वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरते, आणि नाणे उडवल्यासारखेच ठरते. लिंगनिश्चितीतील गुणसूत्रांचा हा वाटा नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने १९०५ साली धान्यातील भुंगेऱ्यांवर दाखवून दिला. महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम गर्भलिंगचाचणीवर कायदा केला, तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर १,००० मुलग्यांमागे ८९४ मुलीच होत्या, आणि मुलगी झाल्याचा दोष आजही सुनेवर ठेवला जातो. दुसरी गोष्ट सिकलसेलची. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कारण हिमोग्लोबिन या प्रथिनातील एक घटक जनुकातील बदलामुळे वेगळा असतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे त्याचे प्रमाण अधिक असले तरी आदिवासी समाजांच्या तपासणीचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. सदोष जनुक एकाच पालकाकडून आले तर मूल वाहक होते आणि बहुधा निरोगी राहते. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. दोन नाणी पुन्हा पुन्हा उडवून दोन्ही छापे किती वेळा पडतात हे मांडले की सातवीच्या मुलाला हे गणित समजते, आणि पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तिन्ही निरोगी होतील असे नसते, हेही कळते.

हे सारे वर्षातून केव्हा शिकवायचे, हा प्रश्न खालापूर–कर्जतमध्ये आशयाइतकाच महत्त्वाचा आहे. वलगण जूनमध्ये असते, खेकडे पावसाळ्यात, हळव्या भाताचा फुलोरा सप्टेंबरच्या सुमारास. कापणी ऑक्टोबरपासून सुरू होते आणि त्यानंतर कुटुंबे भट्ट्यांकडे निघतात. पाठ्यपुस्तकातील प्रकरणे छापलेल्या क्रमानेच घेतली पाहिजेत असे नाही, त्यामुळे मासे आणि खेकडे यांपासून निघालेला हा पाठ भात निसवताना जनुकांपर्यंत आणि दिवाळीच्या सुट्टीआधी पाळी, गर्भधारणा व लग्नाचे वय यांपर्यंत पोहोचवता येतो. मुख्याध्यापकांनी, आणि आश्रमशाळांच्या बाबतीत पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने, वार्षिक नियोजनात हे तास दुसऱ्या सत्रावर न ढकलता पहिल्या सत्रातच लावावेत, आणि पाळीच्या तासाला आरोग्य केंद्रातील परिचारिकेला किंवा वाडीतल्या आशाताईंना बोलवावे, म्हणजे प्रश्न विचारायला मुलींना ओळखीचे माणूस मिळेल आणि भट्टीवरून परतल्यावरही ते वाडीतच असेल.