लष्कराचे गोठे बंद झाले, म्हणजे काय झालं?

लष्करात सुधारणा होणार म्हटलं की ‘सैन्य कमी करताहेत’ अशी ओरड सुरू होते. २०१६मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी अशा सुधारणा सुचवण्यासाठी लेफ्टनंट जनरल (निवृत्त) डी. बी. शेकटकर यांची समिती नेमली. तिच्या ६५ शिफारशी ऑगस्ट २०१७मध्ये मंजूर झाल्या आणि ५७ हजार हा आकडा छापून आला. अनेकांनी तो नोकरकपातीचा समजला. प्रत्यक्षात अधिकारी, जवान आणि मुलकी कर्मचारी मिळून एवढ्या जणांना, लढाऊ ताकद वाढावी म्हणून, दुसऱ्या कामावर नेण्याचा तो बेत होता. सिग्नल, वर्कशॉप, सामानाचे डेपो, शांतता क्षेत्रातली लष्करी टपाल कार्यालयं अशा ठिकाणची ही माणसं.

मिलिटरी फार्म, म्हणजे लष्कराचे गोठे, बंद करणं हीही त्यातलीच एक शिफारस. सर्वांत जास्त गैरसमज झाले ते त्यांच्याबद्दल. पहिलं फार्म १८८९मध्ये अलाहाबादला निघालं. त्या काळी छावणीला खात्रीचं दूध मिळणं मुश्कील होतं, म्हणून फौजेनंच गाई पाळल्या. चारा पिकवणं, गाभण गाई सांभाळणं, धारा काढणं, दूध युनिटपर्यंत पोचवणं, सगळा व्याप लष्कराचाच. आपल्याकडे पिंपरीला असं फार्म होतं. पुढे देशभर सहकारी दूध संघ उभे राहिले आणि या व्यापाची गरज उरली नाही. ३१ मार्च २०२१ला फार्म औपचारिकरीत्या बंद झाली. जवानांचं दूध मात्र तुटलं नाही. रेशनमध्ये ते आजही आहे, फक्त बाहेरून विकत घेतलं जातं. गाई सरकारी खात्यांना आणि सहकारी दूध संघांना नाममात्र किमतीत दिल्या गेल्या, कर्मचारी संरक्षण खात्यातच सामावले. फार्मखालची सुमारे वीस हजार एकर जमीन बिल्डरांच्या घशात गेली, हेही खरं नाही. फार्म बंद झाल्यानं मालकी बदलत नाही. जमीन संरक्षण खात्याचीच राहते.

एक हळहळ मात्र रास्त आहे. साहिवाल आणि होल्स्टीन या जातींच्या संकरातून या फार्मवर ‘फ्रिजवाल’ गाय तयार झाली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असलेला असा कळप पांगला, की संशोधन पांगतं. त्याची तजवीज आधी व्हायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

‘या सुधारणांमुळे वाचलेल्या पैशातून तोफा येतील’ हाही भाबडा हिशेब आहे. माणूस दुसऱ्या कामावर गेला तरी त्याचा पगार चालूच राहतो, पुढे पेन्शनही. म्हणून खासदारांनी संसदेत विचारायला हवं ते हे, की त्या ५७ हजारांपैकी किती जण प्रत्यक्ष लढाऊ तुकड्यांत पोचले?