२० हजार माणसे, किती अंतर?

आदिवासी-डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी निकष आहे. मुंबईत जवळपास तेवढी माणसे एका चौरस किलोमीटरात राहतात. गडचिरोली जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे. म्हणजे तेच २० हजार लोक सुमारे २७० चौरस किलोमीटरवर विखुरलेले. त्यात पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की जिल्ह्यातल्या भामरागडचा रस्ताच बंद. मग अडलेल्या बाईला खाटेची कावड करून, चिखल तुडवत आणायचे.

दिवस भरत आलेल्या गर्भवतीची सोबतच्या माणसासह आरोग्य केंद्राच्या आवारातच राहण्याची सोय करणारी ‘माहेरघर’ योजना म्हणूनच मोलाची. पण पूल आणि मुक्कामी डॉक्टर हवेच आहेत.