जुन्या युनिफॉर्मचा नवा युनिफॉर्म होतो का?

'जुने युनिफॉर्म गोळा करून दिले, की रिसायकल होऊन त्यांचेच नवे युनिफॉर्म बनतात.' कारखान्यांमध्ये हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता राग येतो. गेटजवळ हिरव्या बाणांचा खोका ठेवतात, कामगार त्यात जुना शर्ट टाकतात, फोटो निघतात. शर्ट पुढे कुठे जातो, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

तो शर्ट बहुतेक वेळा टेरिकॉटचा, म्हणजे कापूस आणि पॉलिएस्टरच्या मिश्रणाचा असतो. त्यातला एक धागा उपसून चिमट्यात धरा आणि काडी लावा. कापूस कागदासारखा जळतो, त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर बोटाला टणक मणी लागतो. दोन्ही एकाच धाग्यात! सूत कातण्याआधीच तंतू एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे कापड कितीही उसवलं तरी ते वेगळे होत नाहीत. पॉलिएस्टर साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं. कापूस वितळतच नाही, करपतो. म्हणून बाटली वितळवावी तसा हा शर्ट वितळवता येत नाही.

राहिला मार्ग फाडण्याचा. पानिपतला हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं. रंगांप्रमाणे ढीग लावायचे, बटणं आणि चेन कापून काढायच्या, तुकडे करायचे, मग दातेरी रोलरखाली कापडाचा पुन्हा तंतू करायचा. त्यात तंतू तुटून आखूड होतात. आखूड तंतूचं सूत जाड आणि कच्चं निघतं, म्हणून लांब तंतू मिसळावे लागतात. त्यातून ब्लँकेट, सतरंज्या, पायपुसणी होतात. हे काम मोलाचंच आहे. त्यावर कितीतरी घरं चालतात. पण दिवसभर गुडघ्यावर बसून वेल्डिंग करणाऱ्याची पँट त्या सुताची होत नाही, आणि पायपुसण्याचं पुन्हा सूत कुणी करत नाही. याला चक्राकार अर्थव्यवस्था, म्हणजे माल पुन्हा पुन्हा वापरात फिरत राहणं, कसं म्हणायचं?

ज्यांना हे पटत नाही त्यांनी एलन मॅकार्थर फाउंडेशनचा २०१७चा अहवाल बघावा. कपड्यांसाठी जेवढा माल जगात वापरला जातो, त्यातला १ टक्क्याहूनही कमी पुन्हा नव्या कपड्यांत येतो. उष्णता, दाब आणि रसायनं वापरून टेरिकॉट वेगळं करण्याची तंत्रं हाँगकाँगमध्ये आणि इतरत्र तयार झाली आहेत, हे खरं आहे. पण हाँगकाँगच्या पद्धतीत पॉलिएस्टर तंतू म्हणून परत मिळतं, कापसाची मात्र भुकटी होते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. 'रिसायकल पॉलिएस्टर' जुन्या कपड्यांचं नसतं. जवळजवळ सगळं प्लास्टिकच्या बाटल्यांचं असतं. सुती शर्ट मातीत पूर्ण कुजतो असंही नाही. शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा असेल तर तो मागे उरतो. आणि कंपनीचा लोगो चुकीच्या हाती पडू नये म्हणून अख्खा युनिफॉर्म जाळायची गरज नाही, लोगो उसवता येतो.

खरं तर युनिफॉर्म हाच रिसायकलिंगला सगळ्यात सोयीचा कपडा आहे. घरच्या जुन्या कपड्यांत शंभर प्रकारची कापडं असतात. इथे एकाच कापडाचे, एकाच रंगाचे शेकडो शर्ट एकदम निघतात आणि कापड कोणतं ते बिलावर लिहिलेलं असतं. ही सोय आपण खरेदीच्या दिवशीच घालवतो. ऑर्डर देतानाच मागायला हवं, की कापड शक्यतो एकाच तंतूचं असावं, दोराही त्याच तंतूचा असावा, लोगोची पट्टी सहज उसवता यावी आणि गुडघ्याला दुहेरी कापड असावं.

आणि तोवर शिवणकाम. चाकणच्या एका कारखान्यात दर शनिवारी एक शिंपीकाका मशीन घेऊन कँटीनच्या व्हरांड्यात बसतात. गेल्या खेपेला मी गेले तेव्हा एका फिटरच्या पँटची चेन बदलत होते. त्या पँटच्या दोन्ही गुडघ्यांना आधीच ठिगळं होती, तिच्याच जुन्या जोडीतून कापलेली.