प्रयोगशाळेपासून आरोग्य उपकेंद्रापर्यंत

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराविषयी २०२३ या एकाच वर्षात दोन महत्त्वाच्या घोषणा झाल्या. १ जुलै रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेचा आरंभ केला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून या आजाराचे निर्मूलन करायचे, हे तिचे उद्दिष्ट. पुढे नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने याच आजारावरील ‘कॅसगेव्ही’ या उपचाराला मान्यता दिली. ‘क्रिस्पर’ या जनुक-संपादन तंत्रावर आधारलेला आणि नियामकांची मान्यता मिळवलेला तो जगातील पहिला उपचार. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांहून अधिक.

यांपैकी दुसरी घोषणा विज्ञानाच्या पानावर आली आणि पहिली राजकारणाच्या. या दोहोंचा एकत्रित विचार मात्र क्वचितच झाला. तो व्हायला हवा, कारण अलीकडच्या संशोधनाने आपल्यासमोर ठेवलेला खरा प्रशासकीय प्रश्न या दोन घोषणांच्या मधल्या जागेत आहे.

थोडा इतिहास पाहू. १९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याची नोंद केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा ‘रेणूचा आजार’ असल्याचे दाखवले. १९५०च्या दशकात व्हर्नन इंग्रॅम यांनी हिमोग्लोबिनमधील एकाच अमिनो आम्लाच्या बदलात त्याचे मूळ शोधले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये आणि त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्ये हा दोष आढळला. म्हणजे आपल्या देशात हा आजार आहे हे आपल्याला सात दशकांहून अधिक काळ ठाऊक आहे. राष्ट्रीय मोहीम मात्र एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आली.

औषधाची कथाही अशीच लांबलेली आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे रसायन जर्मनीत १८६९ मध्ये प्रथम तयार झाले. कर्करोगावरील औषध म्हणून ते विसाव्या शतकात वापरात आले. सिकलसेलच्या प्रौढ रुग्णांमधील असह्य वेदनांचे झटके त्याने जवळजवळ निम्म्यावर येतात, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीने सिद्ध केले आणि १९९८ मध्ये तेथे त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. ते काम करते याचे मुख्य कारण असे. गर्भात असताना आपल्या रक्तात एक वेगळे हिमोग्लोबिन असते आणि जन्मानंतर ते हळूहळू कमी होते. हायड्रॉक्सीयुरिया ते पुन्हा काही प्रमाणात वाढवते आणि त्यामुळे पेशी विळ्यासारख्या वाकण्यास अटकाव होतो.

अठरा कोटींचा उपचारही याच तत्त्वावर उभा आहे, हे सहसा सांगितले जात नाही. त्यात रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी बाहेर काढतात. गर्भातील हिमोग्लोबिनला लगाम घालणाऱ्या जनुकाचे नियंत्रण ‘क्रिस्पर’च्या साहाय्याने सैल करतात आणि त्या पेशी परत शरीरात सोडतात. मूल्यमापन होऊ शकलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग बारा महिने एकही तीव्र झटका आला नाही. हे यश थक्क करणारे आहे. मात्र त्यासाठी आधी जुनी अस्थिमज्जा तीव्र केमोथेरपीने नष्ट करावी लागते, रुग्णाला कित्येक आठवडे सुसज्ज रुग्णालयात ठेवावे लागते आणि पुढील प्रजननक्षमतेचा धोका पत्करावा लागतो. तत्त्व एकच; पण एका टोकाला कॅप्सूल आहे, तर दुसऱ्या टोकाला जगातील निवडक रुग्णालये.

भारतीय शास्त्रज्ञ या दुसऱ्या टोकाला स्वस्त करू पाहत आहेत, ही समाधानाची बाब. दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या संस्थेने सिकलसेलसाठी स्वतःच्या क्रिस्पर तंत्रावर उपचार विकसित केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये बिरसा मुंडांच्या नावाने तो जाहीर झाला आणि त्याचे तंत्रज्ञान सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. मानवी चाचण्यांची परीक्षा अजून त्याच्यापुढे आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. आलोक श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी तीव्र हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर केलेल्या जनुकीय उपचाराचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. उपचारानंतर या पाचही जणांमध्ये रक्तस्रावाचे वार्षिक प्रमाण शून्यावर आले होते. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या ‘नेक्सकार१९’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा हा प्रकार येथे तीस-चाळीस लाखांच्या घरात आला. त्याच्या चाचणीत सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिल्याचे २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ने प्रसिद्ध केले.

एक दशांश किंमत ही मोठीच कामगिरी. परंतु तीस लाख ही रक्कमही शहडोलच्या शेतमजुराला अठरा कोटींइतकीच दूरची आहे. किंमत कमी करणे हे शास्त्रज्ञाचे आणि उद्योजकाचे काम; उरलेले अंतर भरून काढणे हे शासनाचे. येथे मला माझ्या नोकरीतील अनुभव उपयोगी पडतो.

माझ्या सेवेतील काही वर्षे मध्य भारतातील आदिवासी जिल्ह्यांत गेली. एका जिल्ह्यात औषधांच्या वार्षिक मागणीचा तक्ता मागील वर्षाच्या खपावरून भरला जाई. हायड्रॉक्सीयुरियाचा खप शून्य, म्हणून मागणी शून्य आणि मागणी शून्य, म्हणून पुरवठा शून्य. रुग्ण गावोगावी होते. तपासणी झालेली नसल्यामुळे ते कोणत्याही नोंदवहीत नव्हते. या साखळीत कोणीही कामचुकारपणा केला नव्हता. प्रत्येकाने नियमानुसार आपला रकाना भरला होता.

आता परिस्थिती बदलली आहे, हे नमूद केले पाहिजे. राष्ट्रीय मोहिमेखाली २०२५च्या मध्यापर्यंत सहा कोटींहून अधिक लोकांची तपासणी झाली. त्यांत दोन लाखांहून अधिक रुग्ण आणि सोळा लाखांहून अधिक वाहक आढळले. हायड्रॉक्सीयुरियाचा समावेश उपकेंद्राच्या पातळीपर्यंत आवश्यक औषधांच्या यादीत झाला. म्हणजे जी नोंदवही नव्हती ती आज आहे. मग यापुढे औषधाची मागणी खपाच्या तक्त्यावरून नव्हे, तर या रुग्णनोंदीवरून ठरली पाहिजे. यासाठी नवा कायदा नको, मोठा निधी नको. राज्यांच्या औषध महामंडळांना एक आदेश पुरेसा आहे.

तेवढ्यानेही भागत नाही. हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्याच्या रक्तपेशींची ठरावीक काळाने मोजणी करावी लागते. गोळीबरोबर तपासनीस आणि चालू स्थितीतील यंत्र हवे. शिवाय बाजारात सर्रास मिळणारी ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल लहान मुलाला द्यायची कशी, हा साधा प्रश्न आहे. त्यासाठी कमी मात्रेचे रूप विकसित करण्याकरिता आयसीएमआरने २०२४ मध्ये उत्पादकांकडून प्रस्ताव मागवले. हेही संशोधनच आहे. त्याला पारितोषिक मिळणार नाही. पण पाच वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने त्याचे मोल जनुक-संपादनाहून कमी नाही.

रसायनशास्त्राकडे आणि पदार्थविज्ञानाकडे वळले तरी हेच चित्र दिसते. २०२५चे रसायनशास्त्राचे नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि उमर याघी यांना धातू-सेंद्रिय जाळ्यांसाठी मिळाले. या स्फटिकांच्या आत इतकी पोकळी असते की एक ग्रॅम पदार्थाचा अंतर्गत पृष्ठभाग फुटबॉलच्या मैदानाएवढा भरू शकतो. वाळवंटाच्या हवेतून पाणी टिपणे, कार्बन डायऑक्साइड पकडणे, पाण्यातील चिवट विषारी रसायने गाळणे असे त्यांचे उपयोग सांगितले जातात. रॉबसन यांचा या विषयावरील पहिला निबंध १९८९चा. पारितोषिकापर्यंत ३६ वर्षे लागली आणि व्यापक वापर अजून व्हायचा आहे.

आपल्याकडील उदाहरण आर्सेनिकचे. उघड्या तळ्या-नद्यांतील दूषित पाण्यापासून लोकांना वाचवावे म्हणून बंगालच्या खोऱ्यात कूपनलिका खोदल्या गेल्या. १९८०च्या दशकाच्या आरंभी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांना रुग्णांच्या तळहातांवरील व्रणांमागे त्याच पाण्यातील आर्सेनिक दिसले. एका संकटावरच्या उपायातून दुसरे संकट उभे राहिले होते. पुढे आयआयटी मद्रासच्या प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने लोहाच्या अतिसूक्ष्म कणांचा असा पदार्थ घडवला की त्याच्या पृष्ठभागाला आर्सेनिक चिकटून राहते आणि पाणी लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेखाली येते. ‘अमृत’ नावाने ओळखले जाणारे हे तंत्र आज गावपातळीवर वापरले जाते.

परंतु बंगालमधील याआधीचा अनुभव विसरता कामा नये. पूर्वी बसवलेली आर्सेनिक गाळणारी बरीच संयंत्रे देखभालीअभावी निकामी झाली. गाळणीतला पदार्थ संपृक्त झाला की तो बदलावा लागतो आणि विषारी गाळाची विल्हेवाट लावावी लागते. आपल्या अंदाजपत्रकात बांधकामाला शीर्ष असते, उद्घाटनाला तारीख असते. बदलावयाच्या गाळणीला मात्र अनेकदा दोन्ही नसते. देखभालीचा दहा वर्षांचा करार खरेदीच्या मूळ निविदेतच असावा, हा धडा जलजीवन मिशनने पूर्ण आत्मसात केला पाहिजे.

आणखी एक काम शासनाचे आहे आणि ते म्हणजे पडताळणी. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील एका गटाने ‘एलके-९९’ हा पदार्थ साध्या तापमानाला आणि साध्या दाबाला अतिवाहक असल्याचा दावा केला. खरा ठरता तर वीजवहनापासून रेल्वेपर्यंत सारे बदलले असते. काही आठवड्यांत अनेक देशांतील प्रयोगशाळांनी तो पदार्थ स्वतः तयार करून तपासला. त्यांत दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाही होती. अतिवाहकता कोणालाच सापडली नाही; दिसलेल्या परिणामाचे मूळ तांब्याच्या सल्फाइडच्या अशुद्धीत निघाले. ‘नाही’ असे खात्रीने सांगता येणे ही राष्ट्राची संपत्ती आहे. ज्या सरकारला दावा पारखता येत नाही, ते एक तर प्रत्येक घोषणेच्या मागे धावते किंवा प्रत्येक घोषणेकडे पाठ फिरवते.

पाठ फिरवण्याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. कलकत्त्यातील शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की कॉलराचे जंतू जे विष सोडतात, त्यामुळे आतड्यातून पाणी झरते. हा मूलभूत शोध होता; तरीही १९८५ मध्ये मृत्यू होईपर्यंत देशातील कोणत्याही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले नाही. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायची सलाइन अपुरी पडते आहे, हे पाहून मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी रुग्णांना पाजायला नातेवाइकांनाच शिकवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. त्यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. महालनबीस यांचे यश नव्या रेणूचे नव्हते. ज्ञात विज्ञान चिखलातल्या छावणीपर्यंत नेण्याचे होते.

आज पैशाची भाषा बदलते आहे. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करण्याचा संकल्प त्यामागे आहे, त्यातील मोठा वाटा बिगरसरकारी स्रोतांकडून अपेक्षित आहे. २०२५ मध्ये खासगी संशोधनाला चालना देण्यासाठी एक लाख कोटींच्या निधीला मंजुरी मिळाली. त्याच वर्षी वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल करून संस्थांच्या संचालकांचे अधिकार वाढवण्यात आले. हे सारे स्वागतार्ह आहे. देशाचा संशोधनावरील एकूण खर्च सकल उत्पादनाच्या ०.६४ टक्क्यावर रेंगाळला असताना आणि दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास असताना त्याची निकडही होती.

तरीही सार्वजनिक पैसा देतानाच सार्वजनिक अट घालण्याची वेळ हीच आहे. सरकारी अनुदानातून किंवा सवलतीच्या कर्जातून घडलेल्या उपचाराची किंमत, सरकारी रुग्णालयांना तो मिळण्याचा काळ आणि पुरवठ्याचे प्रमाण यांचा करार मंजुरीच्या टेबलावरच व्हावा; औषध बाजारात आल्यावर विनवण्या करून तो होत नाही. अशाने उद्योग बिचकतील, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर असे की खात्रीची सरकारी खरेदी हीच उद्योगाची सर्वांत मोठी हमी असते. लसींच्या व्यवहारात आपण ती अनुभवली आहे. दुसरे, आरोग्य संशोधन विभागात २०१७ पासून आरोग्य-तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा आहे. कोणता नवा उपचार आयुष्मान भारतमध्ये घ्यायचा आणि कोणता नाही, याचे तिचे निष्कर्ष ठरावीक मुदतीत आणि जाहीरपणे यावेत. नकार द्यावा लागला तर त्याची कारणेही लोकांना कळावीत.

तोवर दोन लाखांहून अधिक नावे नोंदवहीत आली आहेत. त्या प्रत्येक नावासमोर दरमहा औषध मिळाल्याची आणि ठरल्या वेळी रक्त तपासल्याची खूण आहे का, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या मासिक आढावा बैठकीत विचारता येते. जनुक-संपादनाचा भारतीय उपचार सिद्ध होऊन स्वस्त होईपर्यंत या मुलांना जगवायचे आहे आणि त्याची साधने आजच आपल्या हाती आहेत.