द्वेष वस्तीच्या दारात येतो तेव्हा प्रशासन कुणाच्या दारात जाते?

वडवणीसारख्या तालुक्याच्या गावात द्वेषाचे भाषण व्यासपीठावरून क्वचितच येते. रात्री कुणीतरी बाबासाहेबांबद्दल घाणेरडे स्टेटस ठेवतो, त्याचा स्क्रीनशॉट पाच ग्रुपवर फिरतो आणि अर्ध्या तासात वस्तीतली पोरे विहारासमोर जमलेली असतात. त्यांच्यातला एक जण म्हणतो, ‘चला, त्याच्या घरी जाऊ.’ सकाळी गुन्हा स्टेटस ठेवणाऱ्यावर दाखल होणार की आपल्या पोरांवर, हे पुढच्या तासाभरात ठरते. तो तास कसा वापरायचा, यासाठी हा लेख.

घरावर जाणे म्हणजे काय, हे आपल्या मतदारसंघाने पाहिलेले आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी आरक्षण आंदोलनाच्या वेळी माजलगावला आमदार प्रकाश सोळंके यांचे घर पेटवण्यात आले. त्याच दिवशी बीड शहरात संदीप क्षीरसागर यांच्या घराची तीच गत झाली. मागणी योग्य की अयोग्य, हा इथे विषय नाही. जिल्ह्यात संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले आणि दुसऱ्या दिवसापासून मागणीवर बोलायला कुणी तयार नव्हते. चर्चा फक्त जाळपोळीची होती. आंदोलन घराच्या उंबऱ्यापर्यंत गेले की मूळ प्रश्न मागे पडतो आणि पोलिसांना हवे ते करायला मोकळे रान मिळते.

राहत्या वस्तीतले आंदोलन हा प्रश्न जगभर आहे. अमेरिकेत शिकागोजवळच्या स्कोकी गावात नाझी छळातून वाचलेली अनेक ज्यू कुटुंबे राहत होती. १९७७ साली नाझी गणवेशधाऱ्यांनी नेमक्या त्याच गावात मोर्चा काढायचे ठरवले. गावाने नियम करून तो अडवला, पण न्यायालयांनी ते नियम टिकू दिले नाहीत. शेवटी त्या लोकांनी स्कोकीला न जाता १९७८ मध्ये शिकागोत सभा घेतल्या. म्हणजे तिथला कायदा द्वेषाच्या बोलण्यालाही बरेच संरक्षण देतो. पण त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली ब्रुकफिल्ड या छोट्या गावाचा एक नियम वैध ठरवला. एखाद्याच्या घरालाच लक्ष्य करून दारासमोर निदर्शने करायची नाहीत, असा तो नियम होता. हवे ते बोला, पण माणसाला त्याच्या घरात कोंडून बोलू नका, अशी ही विभागणी.

आपल्याकडे गणित निराळे आहे. राज्यघटनेचे कलम १९ बोलण्याचे आणि नि:शस्त्र, शांततेने जमण्याचे स्वातंत्र्य देते. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर वाजवी बंधनेही घालू देते. त्यामुळे द्वेष पसरवणारे भाषण रोखायला आपल्याकडे कायदा कमी नाही. तो कुणाच्या दारात, कधी पोहोचतो, हा खरा प्रश्न आहे.

दिल्लीत जंतरमंतरला राहणाऱ्या लोकांनी आवाजाची तक्रार केली, तेव्हा हरित लवादाने ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथली आंदोलने बंद केली. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सरसकट बंदी उठवली आणि रहिवाशांची शांतता व आंदोलकांचा हक्क दोन्ही सांभाळणारे नियम करायला सांगितले. मुंबईत नरिमन पॉइंट-चर्चगेटच्या रहिवाशांची संघटना १९९७ साली उच्च न्यायालयात गेली. त्यातूनच दक्षिण मुंबईतली आंदोलने आझाद मैदानापुरती मर्यादित झाली. तिथल्या रहिवाशांच्या त्रासाची दखल व्यवस्थेने अशी नीट कागदावर घेतली.

त्याच १९९७ सालचा ११ जुलै. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक घराबाहेर आले, महामार्गावर जमले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि १० माणसे गेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असा बचाव पोलिसांकडून झाला. न्या. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. उपनिरीक्षक मनोहर कदम याला शिक्षा व्हायला २००९ साल उजाडले. जन्मठेप झाली आणि पुढे उच्च न्यायालयातून जामीनही झाला. रमाबाई नगर ही पण राहती वस्तीच होती. तिथल्या रहिवाशांची शांतता भंगली, असे मात्र कुणी म्हटले नाही.

परभणी तर आपल्या शेजारचीच. १० डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळची संविधानाची प्रतिकृती फोडली गेली. फोडणाऱ्याला लोकांनीच पकडून पोलिसांच्या ताब्यात दिले, म्हणजे आरोपी पहिल्याच तासात सापडला होता. दुसऱ्या दिवशीच्या बंदमध्ये दगडफेक, जाळपोळ झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्यानंतर पोलीस वस्त्यांत शिरले. त्याला ‘कोंबिंग’ म्हणतात. अटक झालेल्यांतला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. पोलिसांची मारहाण नाही, श्वसनाचा आजार होता, असे विधानसभेत सांगण्यात आले. शवविच्छेदन अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. आई विजयाबाई उच्च न्यायालयात गेल्या. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकारने त्याला दिलेले आव्हान ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. नुसता गुन्हा नोंदवून घ्यायला एका आईला साडेसात महिने लागले.

आता त्या तासाकडे येऊ. स्टेटस किंवा व्हिडिओ दिसला की तो पुढे पाठवायचा नाही. स्क्रीनशॉट घ्यायचा, त्यात वेळ आणि नंबर दिसला पाहिजे. दोघे-तिघे जण लेखी फिर्याद घेऊन ठाण्यात जातात आणि बाकीचे विहारासमोरच थांबतात. घरावर कुणीही जात नाही, ठाण्यावर दोनशे जणांचा घोळकाही नको. हे ‘सबुरीचे’ वाटेल, वाटू द्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तीन राज्यांना आणि २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना बजावले आहे की द्वेषपूर्ण भाषणाबाबत कुणाच्या तक्रारीची वाट न पाहता पोलिसांनी स्वतः गुन्हा नोंदवावा. तेव्हा ठाणे अंमलदार ‘सकाळी या’ म्हणाले तर फिर्यादीच्या प्रतीवर पोच मागायची. पोच नाही दिली तर भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच फिर्याद पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवायची, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे.

कलम कोणते लागते, हे पाहणे तर सर्वांत महत्त्वाचे. भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ म्हणजे जुने १५३-अ. ठाण्यात बहुधा हेच लावून देतात आणि आपण खुश होऊन परततो. पण या कलमाखाली सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय खटल्याची दखलच घेऊ शकत नाही. मंजुरीची फाईल पडून राहिली की खटला तिथेच थांबतो. ॲट्रॉसिटी कायद्याला अशी मंजुरी लागत नाही. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर त्यातले ३(१)(यू) हे उपकलम अनुसूचित जातींविरुद्ध द्वेष पसरवण्याबद्दल आहे. (टी) पुतळा, तसबीर अशा आदराच्या वस्तूंच्या विटंबनेबद्दल, तर (व्ही) दिवंगत आदरणीय व्यक्तीच्या अवमानाबद्दल. कलम १८-अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळणे आणि आरोपीच्या जामिनाच्या वेळी आपले म्हणणे ऐकले जाणे, हे कलम १५-अ ने दिलेले हक्क आहेत.

बौद्धांना अनुसूचित जातीत धरायला १९९० साल लागले, म्हणून जातीचा दाखला जवळ असावा. जात मागे टाकण्यासाठी धम्म घेतला आणि ठाण्यात तोच दाखला पुढे करायचा, हे टोचते. आम्हालाही टोचते. पण दाखला लागतो.

प्रशासनाच्या बाजूने पहिला कागद निघतो तो जमावबंदीचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) आणि ३७(३) चा आदेश एका वेळी १५ दिवसांपर्यंतचा असतो आणि सणवार, जयंती आली की तो ठरल्यासारखा निघतो. तो मोडला की कलम १३५. नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा अर्ज केल्यावर आपल्या पोरांना हा आकडा पहिल्यांदा कळतो. म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावरचा चालू आदेश आधीच वाचून ठेवावा. अमुक तारखांना तो लागू आहे, हे माहीत असेल तर निवेदन द्यायला चौघे जायचे की चाळीस, हे ठरवता येते.

आणि पोलीस वस्तीत आलेच, तर कलम १०५ लक्षात असू द्या. झडतीचे ध्वनिचित्रण करणे नव्या संहितेने पोलिसांवर बंधनकारक केले आहे. ते करत नसतील तर तसे मोठ्याने विचारावे आणि नंतर लेखी कळवावे. सूर्यास्तानंतर महिलेला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी, तिन्ही लागतात. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते, तिथे डॉक्टरला प्रत्येक वळ दाखवायचा. मॅजिस्ट्रेट विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ पोरे घाबरून ‘नाही’ म्हणतात आणि तो ‘नाही’ कागदावर जातो. हे आधी सांगून ठेवायला हवे, बाहेर वकील असला तरी आत उभा तो एकटाच असतो.

शांतता समितीच्या बैठकीत आम्हाला हमखास बाबासाहेबांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण ऐकवले जाते, की सत्याग्रह, असहकार सोडून संवैधानिक मार्गाने चला. मान्य. पण संवैधानिक मार्ग खुले असताना, अशी अट त्याच भाषणात आहे, ती कुणी वाचून दाखवत नाही. त्यातला एक मार्ग म्हणजे ॲट्रॉसिटी कायद्याखालची दक्षता व नियंत्रण समिती, जिल्ह्याची आणि उपविभागाचीही. तिच्या बैठका तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हव्यात. झाल्या का, इतिवृत्त कुठे आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. दहा रुपयांचा अर्ज आहे.

विहारात एक फाईल ठेवावी असे आम्ही ठरवले आहे. कोऱ्या फिर्यादीचा नमुना, चालू जमावबंदी आदेशाची प्रत, वकिलांचे दोन नंबर आणि रात्री कधीही उठून ठाण्यात जाऊ शकतील अशा पाच जणांची नावे त्यात असतील. पाचांत निदान दोन बायका हव्यात. रविवारी वंदनेनंतर नावे घ्यायची आहेत.